वाऱ्याच्या तोंडची जागा

हाताची पालथी बाजू बादलीतल्या पाण्यात बुडवायची, झटकायची नाही, तशीच ओली यंत्रासमोर धरायची आणि डोळे मिटायचे. मान जरा तिरकी. तेवढा वेळ दुकानात कुणी बोलायचं नाही. बोललंच तर दुसरा हात वर होऊन त्याला गप्प करायचा. आणि मग मावशींचा प्रश्न, दर वेळी तोच: "घेतंय कुटनं आन् सोडतंय कुटं, येवढं सांग."

कामशेतच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर जोडून देण्याचं दुकान आहे. चौदा वर्षं झाली. भिंतीवर माझं डिप्लोमाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. त्याच भिंतीपलीकडे, पायरीवर बसून गुलाब विकणाऱ्या या मावशींनी मला माझ्याच धंद्यातला प्रश्न विचारावा आणि मला उत्तर देता येऊ नये, हे पहिल्यांदा झालं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. राग माझ्या नाकावर असतो, हे आधीच सांगून ठेवते. पुढे तो बराच लागणार आहे.

एक्स्प्रेसवेवरून जाताना तुम्ही आमच्या मावळातली पॉलीहाऊसं पाहिली असतील. पांढऱ्या प्लास्टिकची, एकाला एक लागून उभी. आत गुलाब. परदेशी जाणारा गुलाब कसा सरळ मानेचा, बिनडागाचा लागतो. मान जरा वाकली की तो 'रिजेक'. मावशींनी बावीस वर्षं त्या प्लास्टिकच्या घरात फुलं कापली, निवडली, पडदे वर-खाली केले. फवारणीच्या औषधांनी छातीत दम बसला तेव्हा काम सुटलं. मग तिथलाच रिजेक माल बादलीत घालून त्या माझ्या पायरीवर येऊन बसायला लागल्या.

विचारलं वगैरे काही नाही. तिसऱ्या दिवशी मीच बाहेर गेले. "मावशी, एवढ्या बाजारात तुम्हाला माझीच पायरी सापडली?"

"सावली हाय हितं," त्या म्हणाल्या. मग बादलीत हात बुडवून तो पाठीमागं, माझ्या दाराकडं धरला. "आन् तुझं दुकान पाठीवर गरम फुकतंय. थंडीत बरं पडंल. उन्हाळ्यात बघू."

मी म्हटलं, "दुकान कशाला फुंकेल?"

"मग कोन फुकतंय? तुझी यंत्रं. दाराकडं पाठ करून ठेवलीस ना सगळी? सोडत्यात दारात, आन् घेत्यात बी दारातनंच. तू सोडतीयास त्येच घेतीयास, बाय."

चाचणीला लावलेली यंत्रं मी सोयीसाठी तशी ठेवली होती, मागच्या तारा पटकन हाताशी याव्यात म्हणून. दुकानाला दुसरी खिडकी नाही, एक वरचा झरोका तेवढा. संध्याकाळी शटर अर्धं ओढून, कुणी बघत नाही अशी खात्री करून, सगळा रॅक उलटा फिरवला. गरम वारं झरोक्याकडं, गार वारं दाराकडून. दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रांचे आकडे पाहिले तर चार-चार डिग्री उतरलेले. हे मी मावशींना सांगितलं नाही. त्यांच्यासाठी चहा मागवला.

चहा घेऊन त्या म्हणाल्या, "फिरवलास व्हय?"

त्या दिवसापासून मावशी पायरीवरून दुकानात आल्या. गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसून मी काय जोडते ते बघायच्या. वायरी, पट्ट्या, आकडे यांत त्यांना काडीचा रस नव्हता. त्यांना फक्त वारं कळायचं. पॉलीहाऊसमधलं वारं त्यांनी मला शिकवलं ते असं: एका भिंतीला 'पॅड', म्हणजे पुठ्ठ्याची जाड जाळी, तिच्यावरून सतत पाणी झिरपत असतं. समोरच्या भिंतीला मोठाले पंखे. पंखे आतलं वारं बाहेर ओढतात, की बाहेरचं वारं ओल्या जाळीतून गार होऊन आत शिरतं. पॅडकडच्या झाडांना हिवाळा, पंख्याकडच्या झाडांना उन्हाळा.

"म्हनून नाजूक असंल त्याला पॅडकडं," मावशी सांगायच्या. "दनकट असंल त्याला फॅनकडं. बास. बाकी सायेब लोकांचं बोलनं."

साहेब लोकांचं एक प्रकरण त्या वरचेवर सांगत. दोन पॉलीहाऊसं पाठीला पाठ लावून बांधली होती. एकाचे पंखे गरम वारं बाहेर टाकायचे ते थेट दुसऱ्याच्या पॅडवर. पलीकडच्या घरात ओळीच्या ओळी करपल्या. "म्या सांगितलंतं. मला म्हनले, मावशी तुमी फुलं कापा. मग इंजिनेर आनला. त्यो तीन दिस हिंडला, लय मोजलं, आन् म्या बोललेलंच बोलला." हे सांगताना त्या हसायच्या आणि हसता हसता धाप लागायची. मग कनवटीची पिशवी सोडून दम्याचा फवारा काढायच्या. हात थरथरायचा. दोनदा नेम चुकला की मी त्यांच्या हातातून घेऊन तोंडात मारायची.

त्यांचा तो प्रश्नही नुसता वाऱ्यापुरता नव्हता बरं का. बाजारात नवीन पतसंस्था उघडली, मावशींचा प्रश्न तयार. शेजारच्या मोबाईलवाल्याचं लग्न ठरलं, त्यालाही तेच: "पोरगी कुटनं आनतोस आन् ठेवनार कुटं, येवढं सांग." तो बिचारा लाजून लाल.

आता रेखाचं सांगते, कारण सगळं तिच्यामुळंच आहे.

रेखा मावशींची एकुलती एक. वडील ती शाळेत असतानाच गेले. पोरगी हुशार, ड्राफ्टिंगचा कोर्स केला, आणि लोणावळ्यातल्या बिल्डर लोकांना अजून न बांधलेल्या बंगल्यांची चित्रं कॉम्प्युटरवर करून द्यायला लागली. साधी चित्रं नाहीत. पाया खणायचा आहे अजून, पण चित्रात स्विमिंग पुलाच्या पाण्यावर झाडाची सावली हलल्यासारखी वाटते. असं एक चित्र पुरं व्हायला तिच्या यंत्राला पाच-सहा तास सलग राबावं लागतं. आणि तिचं जुनं यंत्र चौथ्या तासाला तापून बंद पडायचं. पुन्हा पहिल्यापासून.

दोन कामं अशी हुकली तेव्हा बिल्डरनं सांगून टाकलं, घरून जमत नसेल तर पुण्याच्या ऑफिसला येऊन बस, राहायची सोय करू, नाहीतर दुसरी माणसं आहेत.

हे मला रेखानं नाही, मावशींनी सांगितलं, गुलाबाचे काटे नखानं काढता काढता. "यंत्र थंड ऱ्हायलं तर पोरगी घरात ऱ्हाईल. न्हाईतर जाईल. जावं की, तिचं वय हाय. पन दम लागला का फवारा माराया कुनीतरी लागतं, बाय. माजा हात असा." आणि थरथरता हात माझ्यापुढं धरला. मी म्हटलं, "मावशी, असं यंत्र देते की भर मे महिन्यात पत्र्याखाली चालेल."

बोलायला काय जातं! नवीन यंत्राला मी पाण्यावर गार होणारी व्यवस्था घ्यायची ठरवली. गाडीला रेडिएटर असतो तसाच हा, फक्त पट्टीएवढा लांब आणि तळहाताएवढा रुंद. यंत्राचा मेंदू म्हणजे प्रोसेसर तापला की त्याची उष्णता नळीतलं पाणी उचलून या रेडिएटरपर्यंत नेतं, आणि रेडिएटरवरचे पंखे ती हवेत उडवून देतात. आता हा रेडिएटर पेटीत लावायचा कुठं, यावर आमचं जे जुंपलं ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

मी तो पुढच्या तोंडाशी लावला. हिशेब सरळ होता: बाहेरचं ताजं वारं पहिल्यांदा रेडिएटरला मिळेल, मेंदू एकदम गार. खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाण काढून मावशींना समजावलं. त्यांनी हात ओला केला, पेटीच्या आत रेडिएटरच्या मागं धरला, डोळे मिटले.

"ह्यात नाजूक कोन?"

मी ग्राफिक्स कार्ड दाखवलं. "हे. चित्र हेच काढतं. सगळ्यात जास्त तापतंही हेच."

"मग गरम वारं त्यालाच पाजतीयास? तापलेलं धूड पॅडच्या तोंडात बशिवलंस, आन् मागं नाजूक झाड. करपंल की."

"मावशी, हे गुलाब नाहीत."

"वारं त्येच हाय."

मला राग आला. नको तो शब्द तोंडातून गेला. "मावशी, तुम्ही फुलं विका."

तोच शब्द. साहेब लोकांचा. त्या उठल्या आणि बाहेर पायरीवर जाऊन बसल्या. पाठ माझ्याकडं. मी चाचणी लावली आणि ताठ मानेनं दुसऱ्या कामाला लागले. तासाभरानं पडद्यावर कार्डाचा आकडा चढत चढत टोकाला गेला आणि यंत्र आपोआप मंदावलं. चित्रातला अर्धा बंगला तसाच अडकून बसला.

मग गुपचूप रेडिएटर काढला. वरच्या छताला लावला, पंखे बाहेर फेकतील असे. पुढं नुसते तीन पंखे, मध्ये अडथळा काही नाही, ताजं वारं थेट कार्डावर. मागं एक पंखा सोडायला. पुन्हा चाचणी लावली. मेंदू थोडा तापला, पण तो दणकट. कार्ड मात्र झपकन उतरलं. संध्याकाळपर्यंत बंगला पुरा झाला, पुलातल्या पाण्यासकट.

मी बाहेर जाऊन पायरीवर त्यांच्या शेजारी बसले. "मावशी, चुकले."

"घेतंय कुटनं?"

"पुढून."

"सोडतंय कुटं?"

"वरून. थोडं मागून."

"मग बराबर हाय," म्हणाल्या, आणि बादलीतला एक वाकड्या मानेचा गुलाब उचलून मला दिला. भांडण एवढ्यात मिटलं. मला कुणाशी भांडल्यावर महिनाभर बोलता येत नाही, म्हणून हे लक्षात राहिलंय.

इथं गोष्ट संपली असती तर मावशी कसल्या! दुसऱ्या दिवशी यंत्र सबंध दिवस चालवून बघायचं होतं. ते टेबलावर लावून, मावशींना लक्ष ठेवायला सांगून मी पोस्टात गेले. परत आले तर यंत्राच्या पुढच्या तोंडावर भिजवलेलं गोणपाट. व्यवस्थित, दोन चिमटे लावून. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभ्या आणि चेहरा असा की दिवाळी.

"आकडा बघ, आकडा! धा उतरला!"

खरंच उतरला होता. पॉलीहाऊसचं पॅड त्यांनी माझ्या यंत्राला लावलं होतं. मी धावले, पण माझा हात पोचायच्या आत आतून 'फट' असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. पंख्यांनी गोणपाटातले थेंब आत ओढले होते.

मी ओरडणार होते. शपथेवर सांगते, तोंड उघडलंही होतं. पण त्यांच्याकडं पाहिलं आणि मिटलं. तांब्या तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "म्या मारलं त्याला?"

पुढचे दोन दिवस पायरी रिकामी. मी यंत्र सुटं केलं, एकेक भाग पुसला, पंख्याखाली वाळत घातला. पापड वाळत घालावेत तसं सगळं दुकान मांडलेलं. रेखाचा फोन आला. "ताई, आईनं काल दुपारपासून काही खाल्लं नाही. नुसती म्हणते, माझ्या हातानं पोरीला घालवली." तिसऱ्या दिवशी सगळं परत जोडलं. वीज पुरवणारा डबा तेवढा जळला होता, तो बदलला. बटण दाबलं. पंखे फिरले. मी रेखाला फोन केला आणि फोन यंत्राजवळ धरला. "आईला ऐकव."

तासाभरात मावशी दुकानात. यंत्राच्या पाठीवर हात फिरवला, गुरावर फिरवावा तसा. मग माझ्यावरच चढल्या. "आत पानी हाय म्हनतीस, भायेर पानी चालत न्हाई म्हनतीस. हे कसलं गं?"

"आतलं पाणी नळीत बंद असतं, मावशी. ते कुणाला भेटत नाही."

"मंग गार नुसत्या वाऱ्यानंच व्हायाचं?"

"नुसत्या वाऱ्यानंच."

त्यावर त्यांनी बराच विचार केला. "म्हंजे जागा लय चांगली पायजे," म्हणाल्या.

यंत्र बसवायला मी त्यांच्या घरी गेले ते मार्चमध्ये. वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. पुढच्या घरांवर निळे झेंडे, अंगणात पोरं, मला "जयभीम ताई" म्हणत पाणी देणाऱ्या बायका. मावशींचं घर शेवटचं: एक लांब खोली, वर पत्रा, खाली सिमेंटचा कोबा. दार गावाकडं. आणि मागच्या भिंतीला, नदीच्या बाजूला, एक खिडकी, भिंतीच्या मानानं फारच मोठी.

"ही आमच्या मालकानं पाडली," मावशी म्हणाल्या. "गावचं वारं आमच्याकडं येतं ते वापरून झालेलं. जुन्या लोकांनी वस्ती बसवलीच तशी, आमच्या अंगावरचं वारं गावाला लागू नये म्हनून. हे म्हनले, आपन नदीकडनं ताजं घेऊ." आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

खिडकीशी टेबल मांडून तयार होतं. प्लगसुद्धा तिथं आणून ठेवलेला. मावशींनी तांब्या पुढं केला. मी हात ओला करून खिडकीत धरला, डोळे मिटले, अगदी त्यांच्यासारखे. नदीवरून गार, सलग वारं येत होतं. असं वारं मला माझ्या दुकानात जन्मात मिळणार नाही. मी डोळे उघडले आणि मोठ्या तज्ज्ञाच्या थाटात जाहीर केलं, "हीच जागा! हिच्यासारखी दुसरी नाही!"

"म्या म्हनलंच हुतं," मावशी म्हणाल्या. खूश झाल्या.

यंत्र तिथं बसलं. रेखाचं पहिलं चित्र सहा तासांत, न थांबता पुरं झालं. बिल्डरनं पुण्याचं नाव काढणं सोडलं. मी दुकानात स्वतःवरच खूश होते.

उन्हाळा चढला. मावशी पायरीवर कमी यायला लागल्या. आठवड्यातून तीनदा, मग एकदा. आल्या की अर्धं वाक्य बोलून थांबायच्या. मी म्हणायची, "ऊन फार आहे, नका येऊ." मला वाटलं, ऊनच आहे.

जूनच्या तोंडावर मी रेडिएटरची धूळ काढायला त्यांच्या घरी गेले. रेखा साइट बघायला लोणावळ्याला गेली होती. दार उघडंच. मावशी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, गॅसच्या ओट्याशेजारी लोखंडी खाटेवर बसूनच झोपल्या होत्या. भिंतीला टेकून, तोंड उघडं. डोक्यावर हातभर अंतरावर तापलेला पत्रा. ते टोक म्हणजे त्या घराची पंख्याकडची बाजू. सगळं घर जे गरम सोडतं ते तिथं जमतं.

त्यांना उठवू नये म्हणून मी हळूच टेबल ओढलं. यंत्राच्या मागं हात घालायचा होता. टेबल सरकलं आणि खाली कोब्यावर चार गोल डाग दिसले. गंजाचे. खाटेच्या चार पायांचे. आणि भिंतीवर, खिडकीच्या अगदी कडेला, उशीच्या उंचीवर, डोक्याच्या तेलाचा काळसर ठसा. वर्षानुवर्षांचा. त्याच्या वर एक खिळा, फवाऱ्याची पिशवी अडकवायला.

मी तिथंच खाली बसले. त्या घरातली वाऱ्याच्या तोंडची जागा कुणाची होती, हे मी विचारलंच नव्हतं. खिडकी त्यांच्या नवऱ्यानं कुणासाठी पाडली असेल, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. डोळे मिटून, हात पुढं करून, मी मोठी तज्ज्ञ!

मावशी जाग्या झाल्या. माझं तोंड बघून त्यांना सगळं कळलं. "बाय, आरडू नको. आदी ऐक."

"मी ओरडणार," मी म्हटलं, आणि ओरडलेच. रडतही होते, त्यामुळं धड ओरडताही येईना. "तुम्हीच सांगितलंत ना मला? नाजूक असेल त्याला पॅडकडं! मग आता सांगा, ह्या घरात नाजूक कोण? कार्ड की तुम्ही?"

"मी कसली नाजूक! बावीस वरीस फॅनकडं काम केलंय."

"मावशी!"

"यंत्र करपलं तर पोरगी जाईल," त्या म्हणाल्या. "माजं काय, बसून झोप लागती की."

मी पदर खोचला आणि खाट ओढायला लागले. त्या नको नको म्हणत होत्या, पण उठून थांबवायला श्वास नव्हता. खाट पुन्हा त्या चार डागांवर बरोबर बसवली. यंत्र खाटेच्या पायथ्याशी एका बुटक्या स्टुलावर ठेवलं, तोंड खिडकीकडं, पाठ दाराकडं. खाटेवरून वाहून उरेल ते वारं त्याला. चालू करून तासभर बघत बसले. तीन डिग्री चढली.

"बघ, चढलं," मावशी म्हणाल्या.

"चढू दे तीन डिग्री. मरत नाही ते."

रेखा आली, तिनं खाट पाहिली आणि दारातच थांबली. तिला आईनं सांगितलं होतं की डॉक्टर म्हणाले, खिडकीचं वारं छातीला बाधतं, खाट आत घे. पोरीनं ते खरं मानून स्वतःच्या हातांनी खाट हलवली होती. ती आईच्या पायाशी बसून राहिली, चप्पलसुद्धा न काढता.

त्या दिवसापासून मी कुणाच्याही घरी यंत्र बसवायला गेले, की जागा बघायच्या आधी विचारते, "इथं आधी काय होतं?" लोकांना वाटतं बाईला वास्तूबिस्तूचं खूळ आहे. वाटू दे.

यंत्र तापलं नाही. मावशींना रात्रीची आडवं होऊन झोप लागायला लागली. पाय यंत्राकडं असायचे म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी त्याला रीतसर नमस्कार केला, मग डोकंच तिकडं करून झोपायला लागल्या, म्हणाल्या आवाज बरा वाटतो. रेखा सांगायची, दुपारी आई त्याच्या तोंडाशी बसून गुलाब निवडते आणि त्याच्याशी बोलते, "तू बी घे, मी बी घेती."

पावसाळा त्यांनी काढला. दिवाळीही काढली. मला वाटत होतं, निघतील अशाच वर्षामागून वर्षं. डिसेंबरात एका दुपारी त्या त्याच खाटेवर गेल्या. दम लागला, रेखानं फवारा मारला, पाठीवर हात फिरवला, आणि श्वास हळूहळू मंद होत थांबला. यंत्रावर एक बंगला चालू होता. रेखा हातभर अंतरावर होती. मावशींनी जगाकडं एवढंच मागितलं होतं, आणि तेवढं मिळालं.

परवा सहा महिन्यांची साफसफाई करायला गेले. खाट काढून ठेवलेली. चार डाग मोकळे. यंत्र मात्र होतं तिथंच, पायथ्याशी, बुटक्या स्टुलावर. मी म्हटलं, "रेखा, आता खिडकीशी घेतलंस तरी चालेल गं." ती म्हणाली, "नको ताई. राहू दे तसंच."

पुढच्या पंख्यांवर धूळ अडवायला बारीक जाळी असते. ती मी ओढून काढली. राखाडी धुळीचा थर, त्यात सुकलेल्या गुलाबपाकळ्यांचा चुरा, आणि जाळीभर गुंतलेले लांब, पांढरे केस. यंत्राच्या तोंडाशी डोकं करून झोपायच्या ना. वारं घेता घेता त्यानं एकेक केस ओढून ठेवला होता.

जाळी धुवायची असते. चौदा वर्षं तेच करतेय. मी ती घेऊन मागच्या नळापाशी गेले, नळ सोडला, आणि पाण्याकडं बघत उभी राहिले. मग नळ बंद केला. पिशवीतली नवी जाळी लावली आणि जुनी वर्तमानपत्रात गुंडाळून रेखाच्या हातात दिली. तिनं कागदाची घडी उघडून आत पाहिलं, पुन्हा तशीच मिटली आणि खिडकीशेजारच्या त्या खिळ्याखाली ठेवली.

यंत्र चालू केलं. पंखे फिरायला लागले. सवयीनं मी तांब्यात हात बुडवला, पालथा, आणि पेटीपुढं धरला. घरात कुणी बोलत नव्हतं. कुणीतरी विचारायला हवं होतं, ते विचारत नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं सांगून टाकलं, "पुढून घेतंय. वरून सोडतंय."

रेखा माझ्याशी नेहमी शहरातल्यासारखं बोलते. तिनं डोळे पुसले आणि आईच्या बोलीत म्हणाली, "मग बराबर हाय."